पुन्हा तेच दुखणं

९ जानेवारी

ताई,

फोनवर बोलता आलं असतं तर पत्राच्या वाटेला गेले नसते. पण आमच्या घरात रेंज फक्त बाहेरच्या खोलीत येते आणि बाहेरच्या खोलीत सासूबाई बसलेल्या असतात. मेसेज करावा तर माझा फोन घरात कुणीही उचलतं. शेवटी पोहण्याच्या तलावाच्या ऑफिसातून दोन कोरे कागद मागून आणले. वाचून झालं की फाडून टाक. आणि हसू नकोस.

मला खालच्या जागेला खाज येते. लिहिलं बाई एकदाचं.

साधी खाज नाही, ताई. आग होते. पांढरं जातं, घट्ट, फाटलेल्या दुधासारखं. लघवीला बसले की डोळ्यांत पाणी येतं. वर्षभर हे चाललंय. मेडिकलमधून मलम आणते, आठ-दहा दिवस बरं वाटतं, सुटले म्हणून श्वास घेते, की पुन्हा तेच. मेडिकलवाल्याला आता मी तोंडपाठ झालेय. मला बघितलं की न विचारता ट्यूब काढून काउंटरवर ठेवतो, मागे चार माणसं उभी असली तरी.

काल काय झालं ते सांगते, म्हणजे तुला कळेल. लहान मुलांची बॅच होती. एक मुलगी आहे, पाण्याला फार घाबरते. महिनाभर मी तिच्या पोटाखाली हात धरून तिला तरंगायला शिकवतेय. काल पहिल्यांदा तिनं स्वतःहून पाय हलवले. "बाई, सोडू नका हं," म्हणत होती. आणि नेमकी तेव्हाच मला अशी आग सुटली की मी तिला काठाकडे ढकललं आणि पळाले. कपडे बदलायच्या खोलीत कडी लावून इतकं खाजवलं की रक्त आलं. बाहेर ती पोर रडत होती. आज आली नाही. आता येईलसं वाटत नाही.

नवऱ्याला, आपल्या वायरमनला, यातलं काहीच माहीत नाही. तो टॉवरच्या कामावर असतो, तीन-तीन आठवडे बाहेर. घरी आला की मी बहुतेक वेळा काहीतरी निमित्त काढते. डोकं दुखतंय, दमलेय, पाळी आलीय. ताई, मी छत्तीस वर्षांची झाले. आम्हाला मूल हवंय आणि मी नवऱ्याला पाळीच्या खोट्या तारखा सांगतेय.

तुला काही सुचतंय का?

तुझी,
मासोळी

---

१८ जानेवारी

मासोळे,

हसले नाही. फक्त 'लिहिलं बाई एकदाचं' इथे थोडी हसले, तेवढं माफ कर. पत्र दुकानातच वाचलं. समोर एक आजोबा चष्म्याची फ्रेम निवडत होते. माझा चेहरा बघून ते म्हणाले, "काही वाईट बातमी का?" मी म्हटलं, "नाही हो, धाकटी बहीण आहे."

आता ऐक. पहिली गोष्ट, स्वच्छता. तू दिवसभर त्या पाण्यात असतेस, शंभर माणसांचं अंग त्यात धुतलेलं. दोन वेळा गरम पाण्यात जंतुनाशक टाकून आतून धू. चांगला कडक साबण वापर. लाजू नकोस, घासून धू.

दुसरी गोष्ट लिहावी की नाही याचा दोन दिवस विचार केला. पण मोठी बहीण झाले ती कशाला? अगं, असली दुखणी आपोआप होत नाहीत. कुणीतरी आणतं. तू घर आणि तलाव यापलीकडे कुठे जात नाहीस. महिना महिना बाहेर कोण असतं? कुठे जेवतो, कुठे झोपतो, कुणाच्या खोलीत उतरतो, तुला ठाऊक आहे? तू मलमं लावून बरी होतेस आणि पुन्हा सुरू होतं, हे तूच लिहिलंयस; मध्ये कधीतरी तो येऊन गेलेला असतो ना?

वायरमन वाईट आहे असं मी म्हणत नाही. तुझे भावोजी गेले तेव्हा त्याने जे केलं ते मी विसरणार नाही. पण माणूस चांगला असून चुकतो. त्याला एकदा सरळ विचार. भांडू नकोस, नुसतं विचार. खरं काय ते त्याच्या चेहऱ्यावर दिसेल.

काय झालं ते कळव. मी वाट बघतेय.

तुझी ताई

---

२६ फेब्रुवारी

ताई,

उशीर झाला, कारण कसं लिहावं कळत नव्हतं.

तू सांगितलंस तसं धुतलं. चौथ्या दिवशी मला चालता येईना. कातडी सोलून निघाली. मी शिकवायच्या वेळी काठावर उभी राहून नुसती शिट्टी वाजवत होते. बायकांच्या बॅचमधली एक म्हणाली, "बाई, आज पाण्यात नाही? रागावलात का आमच्यावर?"

आणि विचारलंही. तो आला त्याच रात्री, जेवताना. सासूबाई देवळात गेल्या होत्या, म्हटलं बरं झालं. मी फार बरे शब्द शोधून ठेवले होते. पण तोंडातून निघालं ते हे: "तिकडे कुणी आहे का तुमचं?"

त्याला आधी कळलंच नाही. "कुणी म्हणजे?" मग मी दुखण्याचं सगळं सांगितलं. ताई, हे मी आधी सांगायला हवं होतं, नुसतं सांगायला. एक वर्ष लपवलं आणि सांगितलं ते आरोप म्हणून. तो घास हातात घेऊन ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "इतके दिवस तुला दुखत होतं?" मी म्हटलं, "विषय बदलू नका." तेव्हा तो उठला. ताट स्वतः घासून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो कुठल्याशा लॅबमध्ये जाऊन रक्त-लघवी देऊन आला. रिपोर्ट आला तो माझ्यासमोर ठेवला. सगळं साफ. मी म्हटलं, "माझी चूक झाली." तो म्हणाला, "बरं." ओरडला असता तर परवडलं असतं.

त्यानंतर मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. आधीच जायला हवं होतं, पण मेडिकलमध्ये मिळतंय तर कशाला, असं वाटायचं. त्यांनी आतला नमुना घेऊन तपासला. म्हणाल्या, ही बुरशी आहे. ती बहुतेक बायकांच्या अंगात असतेच, गप्प पडून असते, कधी कधी माजते. कुणी आणून देत नाही. काहींना वर्षातून तीन-चार वेळा होते, का होते ते दरवेळी सापडत नाही. माझी साखर तपासली, ठीक आहे. पाण्याने होत नाही म्हणाल्या, पण ओले कपडे अंगावर ठेवू नका. जंतुनाशकाचं सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुणी सांगितलं तुम्हाला?" मी म्हटलं, कुठेतरी वाचलं.

आता आधी तीन गोळ्या आणि मग सहा महिने दर आठवड्याला एक. त्या काळात दिवस जाऊ द्यायचे नाहीत. मी विचारलं, "सहा महिन्यांनी जाईल ना?" त्या म्हणाल्या, "निम्म्या बायकांना पुन्हा होतं." मी कुठल्या निम्म्यांतली, ते त्यांनाही माहीत नाही.

वायरमनला हे सगळं सांगितलं. "बरं," म्हणाला. आता त्याने आणखी लांबची साइट घेतली आहे.

मासोळी

---

५ मार्च

मासोळे,

काय लिहू? तीन कागद फाडले. पहिल्यात मी स्वतःची बाजू मांडली होती. दुसऱ्यात इतकी रडारड होती की मलाच कंटाळा आला.

मी तोंडावर पडले, आणि मार लागला तुला. मला या विषयातलं काडीचं माहीत नव्हतं. पण माहीत नाही असं लिहायला हात वळला नाही. तू विचारलंस आणि मला ताईगिरी करायला मिळाली.

वायरमनला दोनदा फोन केला. उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलून "टॉवरवर आहे ताई, नंतर करतो" म्हणाला. केला नाही. त्याचं बरोबर आहे.

गोळ्या चुकवू नकोस. बाकी मी काही सांगणार नाही. मी येऊ का तिकडे? तू हो म्हण, मी दुकानातून चार दिवसांची रजा टाकते.

तुझी ताई

---

२१ जुलै

ताई,

येऊ नकोस म्हटलं म्हणून रागावली नाहीस ना? तू आली असतीस तर सासूबाईंनी का आली, कशी आली करून सगळं उकरलं असतं.

चांगली बातमी आहे, म्हणून लिहितेय. पाच महिने झाले, काही नाही. नखाएवढंही नाही. पहिले दोन महिने विश्वास बसत नव्हता, सारखी स्वतःला चाचपायचे. आता विसरायला लागलेय. परवा बायकांच्या बॅचबरोबर खोल पाण्यात उतरले, आणि वर आले तेव्हा लक्षात आलं की आज सबंध दिवस आपल्याला त्या जागेची आठवणच झाली नाही. हे सुख कुणाला सांगून कळणार? तलावातून निघाले की धावत जाऊन कोरडे कपडे घालते. पोरं म्हणतात, बाईंची गाडी चुकतेय.

पण घरात चांगलं नाही. वायरमन मध्ये दोनदा येऊन गेला. वागायला काही वाईट नाही. पंखा दुरुस्त केला, सासूबाईंना दवाखान्यात नेलं, माझ्या सायकलला नवीन ब्रेक बसवले. पण झोपतो बाहेर. पाठ दुखते, गादी नको, सतरंजी बरी, असं म्हणतो. मी एकदा जवळ जाऊन बसले तर उठून पाणी प्यायला गेला.

मला वाटतं, त्याला माझी किळस येते. सगळं ऐकल्यावर येणारच. मलाच येत होती.

पुढच्या महिन्यात गोळ्या संपतात. मग मूल, असं मी ठरवून ठेवलंय. पण सतरंजीवर झोपणाऱ्या माणसाला ते कसं सांगायचं?

तुझी मासोळी

---

१२ सप्टेंबर

मासोळे,

पत्र लगेच वाच, सासूबाई आंघोळीला गेल्या की लगेच.

काल वायरमन दुकानात आला होता. माझ्या दुकानात! म्हणाला, साइट बदलली, गाडी इथूनच सुटते, वेळ होता. आणि जवळचं वाचताना त्रास होतो, डोळे तपासून द्या. मी म्हटलं बसा. खुर्चीवर बसवलं, तपासायची ती लोखंडी फ्रेम नाकावर चढवली आणि भिंगं बदलायला लागले. तो समोरची अक्षरं वाचत होता. मला राहवेना.

मी म्हटलं, "वायरमन, ते तुमच्याबद्दलचं तिच्या डोक्यात मी घातलं होतं. तिचं नव्हतं ते."

तो म्हणाला, "माहीत आहे, ताई. तिला असं बोलता येत नाही."

"मग राग माझ्यावर काढा ना. तिला का लांब ठेवता?"

त्याने अक्षरं वाचायचं थांबवलं. एक डोळा झाकलेला, दुसऱ्यावर भिंग, हात मांडीवर, असा बसून होता. मग म्हणाला, "राग केव्हाच गेला. मला भीती वाटते. मागचं वर्षभर मी जवळ गेलो की तिचं अंग दगड व्हायचं. मला वाटायचं, मी नकोसा झालोय. नंतर कळलं की तिला तेव्हा दुखत होतं. म्हणजे वर्षभर मी तिला दुखवत होतो आणि ती गप्प पडून होती. आता हात पुढे केला की तेच आठवतं. बरी आहे म्हणते, पण आधीही बरीच आहे म्हणायची. खरं कधी आणि खोटं कधी, मला काय कळणार?"

मग म्हणाला, "हे तिला सांगू नका." मी म्हटलं, "नाही सांगत." आणि आता सांगतेय. या वेळी चुकतेय असं मला वाटत नाही, पण माझं वाटणं काय लायकीचं आहे ते आपण दोघींनी पाहिलंय.

किळस नाही गं, वेडे. भीती आहे. भीती जाते. तुझ्या गोळ्या संपल्या, तू बरी आहेस. त्याला जवळ बसवून सांग.

चष्म्याचे पैसे घेतले नाहीत. फार वाद घातला त्याने.

तुझी ताई

---

२ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र मिळालं त्याच आठवड्यात तो आला होता. मी त्याला सांगितलं की ताईनं शब्द मोडला. तो नवीन चष्मा लावून माझ्याकडे बघत होता, मास्तरासारखा दिसत होता, मला हसू फुटलं. मग तोही हसला. त्या दिवशी सतरंजी गुंडाळून ठेवली. मी त्याला म्हटलं, "दुखलं तर मी सांगेन. शप्पथ. आणि नाही दुखलं तरी सांगेन." ते दिवस फार छान गेले. त्यांच्याबद्दल जास्त लिहीत नाही, ते माझ्याजवळच राहू दे.

तो पॅसेंजर गाडीसारखा उशिरा उठायचा आणि मी तलावावर गाणं म्हणत जायचे.

ऑक्टोबरच्या मध्यावर पुन्हा सुरू झालं.

सकाळी बॅच चालू होती. आधी वाटलं, नवीन कॉस्च्युमची शिवण टोचतेय. दुपारी कळलं. मी कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून राहिले. रडू आलं नाही. एखादा नकोसा पाहुणा सामान घेऊन दारात उभा असावा आणि त्याला आत घेण्यावाचून गत नसावी, तसं वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी या वेळी नमुना मोठ्या लॅबमध्ये पाठवला. ही जात वेगळी निघाली. आधीच्या गोळ्यांना फारशी दाद देत नाही. आता दुसरं औषध आहे, आत ठेवायचं. ते चालू असताना दिवस राहिलेले चालत नाहीत. किती महिने, विचारलं तर म्हणाल्या, "बघत बघत जाऊ." मी म्हटलं, "बाई, मला पुढच्या वर्षी अडतीसावं लागेल." त्या चांगल्या आहेत. खोटं बोलल्या नाहीत. "औषधं मध्ये थांबवून प्रयत्न करता येईल," म्हणाल्या, "पण तेवढे दिवस त्रास अंगावर काढावा लागेल, आणि पोटुशी असताना तो वाढूही शकतो." प्रयत्न म्हणजे काय, ताई? त्या आगीत नवऱ्याला जवळ घ्यायचं. तो तयार होणार आहे का? आणि मी?

तलावावरही आता मी पाण्यात नाही. कुणी काढलं नाही, मीच मागितलं. कोरड्यात राहिले तर कदाचित फरक पडेल, म्हणून साहेबांना तिकिटाची खिडकी मागितली. त्यांनी लगेच दिली आणि माझ्या बॅचवर एक नवी शिकवणारी घेतली. महिना झाला. काही फरक नाही. परत पाण्यात घ्या म्हणायला गेले तर साहेब म्हणाले, "आता ती रुळली आहे, तिला कसं काढू?" खरंच, चांगली शिकवते. खिडकीच्या जाळीतून मला तलावाचा एक कोपरा दिसतो. ती घाबरणारी मुलगी परत यायला लागली आहे. नव्या बाईंचा हात धरून. मला तिने ओळखलं नाही, किंवा ओळखून मान फिरवली.

तू विचारशील, वायरमनला सांगितलं का? सांगितलं, शप्पथ घातली होती ना. तो आला तेव्हा जिन्यातच सांगितलं, त्याची बॅग अजून खांद्यावर होती. तो म्हणाला, "पुन्हा?" मी म्हटलं, "पुन्हा." आत जाऊन त्याने हातपाय धुतले आणि आम्ही चहा प्यायलो. सासूबाई म्हणाल्या, "दोघं असे सुतकात बसल्यासारखे का बसलात?" आम्ही दोघंही एकदमच म्हणालो, "काही नाही."

आता सगळं उघड आहे. त्याच्या मनात काय आहे ते मला माहीत आहे, माझ्या अंगात काय आहे ते त्याला माहीत आहे. तुला वाटलं होतं की एवढं झालं की सुटेल. मलाही वाटलं होतं. पण ताई, कुणाची तरी चूक असती तर बरं झालं असतं. रागावता आलं असतं, माफ करता आलं असतं. इथे तो चांगला, मी चांगली, डॉक्टरीणबाई चांगल्या, आणि आग आहे तिथेच आहे.

तू आता काही सुचवू नकोस. रागाने लिहीत नाही. यायचं असेल तर ये, सासूबाईंना काय सांगायचं ते बघू. पण बरी होशील असं मला म्हणू नकोस. ते ऐकलं की मी पुन्हा मोजायला लागते.

या वेळी तो चार दिवस होता. सतरंजी त्याने काढली नाही, माझ्या शेजारीच झोपायचा, पण कडेला, हात छातीवर बांधून, झोपेत चुकून लागायला नको म्हणून. मी जागी असायचे, त्याचा श्वास ऐकला की कळायचं, तोही जागा आहे. काल निघताना दारात थांबला. बुटाची नाडी बांधत खाली बघूनच म्हणाला, "मी आलो की तुझ्यावर ताण येतो. दिसतं मला. पुढच्या सुट्टीला साइटवरच राहिलो तर चालेल का?"

तो माझ्यासाठीच विचारत होता, ताई. त्यात काही खोट नव्हती.

मी "चालेल" म्हटलं. त्याने मान हलवली, बॅग उचलली आणि जिना उतरला. फार भरभर उतरला, सुटल्यासारखा. आणि दार लावून घेतल्यावर माझ्या लक्षात आलं की माझेही खांदे सैल पडले होते.

मासोळी